ऊ की फू? नळीचा व्यायाम करणाऱ्या सर-मॅडमसाठी

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

जूनमध्ये शाळा भरल्या की आणि मग डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या प्रॅक्टिस लागल्या की आपल्या आवाजाच्या थेरपीच्या क्लिनिकमध्ये शिक्षकांची गर्दी होते, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून माझाच घसा बसायची वेळ आली, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. बहुतेकांना ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून ‘स्वरतंतूंना सूज आहे’ नाहीतर ‘नोड्यूल (म्हणजे स्वरतंतूंवर बारीक गाठी) आहेत, थेरपी करा’ असं सांगून पाठवलेलं असतं, त्यामुळे स्वरतंतू म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. थेट नळीवर येते.

पहिल्या भेटीत मी तुम्हाला पाण्याच्या बाटलीत नळी घालून करायचा व्यायाम शिकवते. तुम्ही मान डोलावता, घरी जाता, तीन आठवड्यांनी येऊन सांगता, ‘मॅडम रोज न चुकता केलं, पण फरक शून्य.’ मी म्हणते बरं, करून दाखवा. मग छाती भरून श्वास, गाल फुग्यासारखे, आणि फुर्रर्र! बाटलीत वादळ, टेबलावर पाणी, बुडबुडेच बुडबुडे, पण घशातून आवाज काही नाही. म्हणजे तीन आठवडे फुकट गेले, आणि तुम्ही पाटणहून एसटीने आलेले असता म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

चूक तुमची एकट्याची नाही. कोरोनात घरोघरी ते तीन रंगीत गोळ्यांचं यंत्र आलं ना फुफ्फुसांसाठी, तेव्हापासून नळी दिसली की हा श्वासाचा व्यायाम असं डोक्यात बसलंय. हा श्वासाचा व्यायाम नाहीये, आवाजाचा आहे. नळीत फुंकायचं नाही, नळीत बोलायचंय. ‘ऊऽऽऽ’ म्हणायचंय, आणि त्या ऊ बरोबर जे बुडबुडे येतील ते येतील.

आता का ते सांगते, कारण का ते कळलं की माणूस चुकत नाही (हे तुम्हाला मी काय सांगणार). बोलताना बाईंचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर टेकतात, सरांचे १०० ते १२५ वेळा. ३५ मिनिटांच्या तासात समजा १५ मिनिटं जरी घशातून आवाज निघाला, तरी बाईंच्या घशात १ लाख ८० हजार टाळ्या वाजल्या. वर ओरडून बोलत असाल तर त्या जोरात वाजतात. फावडं मारून तळहाताला घट्टे पडतात तसलंच हे नोड्यूल प्रकरण. बायकांना ते जास्त का होतं हेही त्या आकड्यावरून कळेल. नळीतून ऊ म्हटलं की पुढे पाणी अडवतं, त्याचा हलका दाब उलटा मागे येतो आणि स्वरतंतूंना जरासं सैल धरतो, म्हणजे टाळी वाजते पण अलगद वाजते. अशी अलगद टाळी परत परत वाजवून घशाला सवय लावायची, एवढाच सगळा खेळ. नुसतं फुंकलं तर स्वरतंतू बाजूला उभे राहून हवा जाऊ देतात, ते हलतच नाहीत. व्यायाम झाला तो गालांचा.

तपासायचं कसं? चालू असताना मध्येच नळी तोंडातून काढा, घशाचं काही बदलू नका. ‘ऊ’ ऐकू आलं तर बरोबर, ‘फू’ ऐकू आलं तर चूक. गळ्यावर बोटं ठेवलीत तर थरथर जाणवली पाहिजे. एवढं दर वेळी बघा, माझे अर्धे फॉलोअप वाचतील.

बाकी कृती सोपी आहे. बाटली अर्धी भरा, नळी दोन बोटं पाण्यात, त्याहून खोल नको, जास्त खोल म्हणजे जास्त फायदा असं काही नसतं, उलट जोर लावावा लागतो. ओठ नळीभोवती बंद, गाल आणि खांदे सैल. आधी सरळ ऊऽऽ, दम सहज पुरेल तेवढाच. मग खालच्या सुरातून वर आणि परत खाली, एसटी घाट चढते-उतरते तसं. मग परिपाठाच्या प्रार्थनेची चाल नळीतून म्हणा, शब्द नाहीत, फक्त चाल. दोन मिनिटं झाली की बास. पण दिवसातून पाच-सहा वेळा, म्हणजे शाळेत निघायच्या आधी, मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला, घरी आल्यावर. रविवारी एकदम अर्धा तास करून आठवड्याचा कोटा भरणारे पण आहेत आपल्यात, त्याचा उपयोग नाही. आणि नळी ठेवल्या ठेवल्या पहिलं वाक्य त्याच मऊ आवाजात बोला. नळी करून लगेच ‘ए गप्प बसा रे!’ केलंत तर मिळवलेलं गेलं.

नळी कुठली? सिलिकॉनची, साधारण ३५ सेंटिमीटर लांब, आतून ९-१० मिलिमीटर. हा शोध आमचा नाही बरं, फिनलंडमध्ये १९६०च्या दशकात काचेच्या नळ्यांनी करायचे, सिलिकॉन नंतर आलं. फ्रूटीची स्ट्रॉ आणि फिश टँकची नळी बारीक पडते, एक सर तर सलाईनची नळी घेऊन आले होते! आपल्याकडे मापात कापलेली ८० रुपयांना मिळते, पण बाहेर त्याच मापाची मिळाली तर खुशाल घ्या, माझं काही म्हणणं नाही. पाणी रोज बदला आणि नळी साबणाने धुवा.

‘मॅडम व्हिडिओ पाठवा ना, येणं जमत नाही.’ हे रोज येतं. आधी मी पाठवायचे. मग तो स्टाफच्या ग्रुपवर फिरायचा आणि ज्यांना तपासलेलंच नाही अशी माणसं फू फू करत बसायची. आवाज बसण्याचं कारण थायरॉईड असू शकतं, ॲसिडिटी असू शकते, क्वचित त्याहून गंभीर पण काही असतं, आणि तंबाखू-सिगारेटवाल्यांनी तर अजिबात वाट बघू नये. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल तर आधी ईएनटीकडे जाऊन दुर्बिणीने बघून घ्या, मगच माझ्याकडे. रिपोर्टशिवाय मी सुरू करत नाही याचा काहींना राग येतो, पण आत काय आहे ते न बघता व्यायाम देणं मला जमत नाही. कुठल्या डॉक्टरांकडे जायचं ते तुम्ही ठरवा, त्यात माझं कमिशन वगैरे काही नाही.

गुळण्या करा, बरं वाटतं, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत जात नाही, गेलं तर ठसका लागेल. ज्येष्ठमध अधूनमधून चघळायला हरकत नाही, बीपी असेल तर रोज नको, त्याने बीपी वाढू शकतं. घसा खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलू नका, हळू आवाजात बोला, कुजबुजण्याने बऱ्याच जणांच्या घशाला उलट ताण पडतो. आणि पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. मला माहितीये बऱ्याच मॅडम शाळेत पाणीच पीत नाहीत, कारण टॉयलेटची अवस्था. त्याला माझ्याकडे व्यायाम नाही. मुख्याध्यापकांना पत्र हवं असेल तर मात्र देते, दोन शाळांना दिलंय.

एक गोष्ट नळीने सुटत नाही, ती म्हणजे गोंगाट. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली दाखवून दिलंय. पाटणचा पाऊस पत्र्यावर पडत असताना पहिलीचा वर्ग घेऊन बघा, लोंबार आपोआप कळतो. तिथे कमरेला लावायचा छोटा माईक घ्या, लाजू नका. अमेरिकेत २००२ साली आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांवर अभ्यास झाला, त्यात एका गटाला नुसत्या काळजीच्या सूचना दिल्या आणि एका गटाला माईक, तर माईकवाल्यांना जास्त फायदा झाला. आपल्याकडे दोन माईक ठेवलेत, आठवडाभर नेऊन वापरून बघा, भाडं २०० रुपये, आवडला तर मग कुठूनही विकत घ्या.

फीबद्दल. एक सेशन ४५ मिनिटांचं, ५०० रुपये, साधारण सहा सेशन लागतात. ‘नुसत्या बुडबुड्यांचे ५०० रुपये?’ असं एका गुरुजींनी तोंडावर विचारलं होतं. बुडबुडे फुकटच आहेत गुरुजी, पैसे तुमचा आवाज ऐकून तो कुठे दाबला जातोय ते शोधण्याचे आहेत. एका शाळेतले पाच जण मिळून आलात तर प्रत्येकी ३०० घेते. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी माझं क्लिनिक उघडं असतं. जास्त जण असाल तर फोन करा, शाळेत पण येते.

फॉलोअपला येताना स्वतःची नळी आणि बाटली आणा. जमलं तर शाळेतून थेट या, थकलेला आवाज ऐकायला मिळाला तर मला जास्त कळतं. आल्या आल्या मी फरक पडला का ते विचारणार नाही. बाटली उघडायला लावेन, ऊ म्हणायला लावेन आणि मध्येच नळी काढून घेईन.