बोळातलं चित्र: ‘प्रोफोंदो रोस्सो’ घरच्या पडद्यावर कसा आला

रात्रीची वेळ. तोरिनो शहरातल्या एका मोकळ्या चौकात उभ्या असलेल्या पियानोवादक मार्कसला वरच्या खिडकीत एका बाईचा खून होताना दिसतो. तो धावत तिच्या घरात शिरतो. आत एक लांब बोळ आहे आणि भिंतींवर विचित्र, फिकट चेहऱ्यांची चित्रं आहेत. तो बोळ ओलांडून जातो, पण उशीर झालेला असतो. पुढे पोलिसांसोबत त्याच बोळात उभा असताना त्याला वाटतं, मघाशी पाहिलेलं एक चित्र आता इथे नाही. उरलेला सगळा चित्रपट त्या हरवलेल्या चित्राचा शोध आहे.

दारिओ आर्जेन्तोने १९७५ साली केलेल्या ‘प्रोफोंदो रोस्सो’ची (इंग्रजीत ‘डीप रेड’) खरी गंमत अशी, की उत्तर त्या पहिल्याच धावपळीत पडद्यावर असतं. क्षणभरच, पण असतं. मार्कसने जे पाहिलं, ते प्रेक्षकालाही दाखवलेलं असतं. दिग्दर्शक काही लपवत नाही. म्हणून चित्रपटाची प्रत कशी आहे, चौकट पूर्ण आहे का, अंधारातला तपशील शिल्लक आहे का, हे इथे फक्त हौशी संग्राहकांचे प्रश्न उरत नाहीत. प्रत खराब असेल तर प्रेक्षकावर अन्याय होतो, कारण त्याच्या हातातला पुरावाच काढून घेतलेला असतो. या चित्रपटाच्या पुनर्संचयनाचा (जुनी फिल्म दुरुस्त करून मूळ रूपात परत आणण्याचा) इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

हा चित्रपट ज्या प्रकारात मोडतो, त्या ‘जाल्लो’ या शब्दाविषयी आधी. इटालियनमध्ये त्याचा अर्थ पिवळा. मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ साली रहस्यकथांची एक स्वस्त मालिका सुरू केली आणि तिची मुखपृष्ठं पिवळी ठेवली. सुरुवातीला बहुतेक इंग्रजी-अमेरिकन कथांचे अनुवाद येत. हळूहळू रंगाचं नावच साहित्यप्रकाराला चिकटलं आणि रहस्यकथा म्हणजे ‘जाल्लो’ झाली. मराठी वाचकाने इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे ‘पिवळी पुस्तकं’ म्हटलं की भलताच अर्थ निघतो. इटलीतला पिवळा रंग म्हणजे खून, संशयित आणि शेवटच्या पानावरचा उलगडा. फॅसिस्ट राजवटीला ही पुस्तकं खुपत होती. १९४१ साली मालिका बंद पडली आणि महायुद्ध संपल्यावर पुन्हा सुरू झाली.

पडद्यावर या प्रकाराला आकार दिला मारिओ बावाने. तो मूळचा छायालेखक, त्यामुळे कथेपेक्षा प्रकाशावर त्याचा अधिक भरवसा. १९६३ साली त्याने ‘ला रागात्सा के सापेवा त्रोप्पो’ हा कृष्णधवल चित्रपट केला आणि १९६४ मध्ये रोममधल्या एका फॅशन-घरात घडणारा ‘सेई दोन्ने पेर लास्सास्सीनो’. दुसऱ्यात लाल, हिरव्या, जांभळ्या प्रकाशात बुडालेल्या खोल्या आहेत, आणि चेहरा झाकलेला, हातमोजे घातलेला खुनी आहे. पुढच्या दहा वर्षांतल्या कित्येक चित्रपटांनी हे हातमोजे उसने घेतले.

आर्जेन्तो रोमच्या ‘पाएझे सेरा’ या दैनिकात चित्रपट-समीक्षक होता. सेर्जिओ लेओने आणि बेर्नार्दो बेर्तोलुच्ची यांच्यासोबत त्याने ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’च्या कथेवर काम केलं आणि १९७० साली ‘लुच्चेल्लो दाल्ले पियुमे दी क्रिस्ताल्लो’पासून तो दिग्दर्शनात उतरला. या पहिल्या चित्रपटातही नायक काचेच्या दोन दारांमध्ये अडकून समोरचा हल्ला पाहतो आणि पाहिलेल्याचा अर्थ चुकीचा लावतो. पाच वर्षांनी ‘प्रोफोंदो रोस्सो’मध्ये तीच कल्पना पूर्ण फुलली. छायालेखन लुईजी कुवेल्लेरचं. जॅझ संगीतकार जॉर्जिओ गास्लिनीसोबत काम सुरू झालं होतं, पण चित्रपटाला त्याचा ठेका मिळाला तो क्लाउदिओ सिमोनेत्ती आणि त्याच्या ‘गॉब्लिन’ या तरुण बँडमुळे. पडद्यावर दिसणारे खुन्याचे हातमोज्यांतले हात खुद्द आर्जेन्तोचे आहेत.

इटलीत चित्रपट झळकला तेव्हा त्याची लांबी दोन तास सहा मिनिटांच्या आसपास होती. परदेशी वितरणासाठी सुमारे वीस मिनिटं कापली गेली. कात्री चालली ती रक्तावर कमी आणि माणसांवर जास्त. मार्कस आणि पत्रकार ज्यान्ना (डेव्हिड हेमिंग्ज आणि दारिआ निकोलोदी) यांच्यातली नोकझोक, पंजा लढवण्याची चढाओढ, थट्टा, असं बरंचसं गेलं. बाई पुरुषापेक्षा दुबळी, या मार्कसच्या समजुतीची तिथे हळूच उलटतपासणी होते, आणि त्या समजुतीचा रहस्याशी जवळचा संबंध आहे. हे काढल्यावर उरते फक्त खुनांची माळ. अमेरिकेत तर तो ‘द हॅचेट मर्डर्स’ अशा नावानेही दाखवला गेला, आणि उरलेल्या माळेला ते नाव शोभणारंच होतं.

मग घरी टीव्हीवर चित्रपट पाहण्यासाठी व्हीएचएस कॅसेट आली. तिच्यावर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावायचा. शिवाय २.३५:१ अशी (उंचीच्या २.३५ पट) रुंद चौकट जुन्या टीव्हीच्या चौकोनी पडद्यावर भरायची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग छाटायचा. युरोपातल्या पाल या टीव्ही-पद्धतीत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने धावे, त्यामुळे तो चार टक्के लवकर संपे आणि गॉब्लिनचं संगीत जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढे. अशा कॅसेटवर त्या बोळातल्या भिंती म्हणजे करडा धूर. उत्तर समोरून गेलं तरी कळणार कसं?

ब्रिटनमध्ये याला कायद्याची झळही लागली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हिंसक व्हिडिओंविरुद्ध ओरड झाली, सरकारी वकिलांनी याद्या काढल्या आणि १९८४ साली व्हिडिओंना प्रमाणपत्र सक्तीचं करणारा कायदा आला. आर्जेन्तोचाच ‘तेनेब्रे’ (१९८२) त्या यादीत होता. बंदी आली की चोरून नकला फिरतात, आणि नकलेची नक्कल होताना दर वेळी चित्र आणखी धूसर होतं. एक अख्खी पिढी या चित्रपटांवर प्रेम करायला शिकली ती असल्या प्रतींवर, याचं मला आजही नवल वाटतं आणि त्या पिढीविषयी आदरही.

डीव्हीडीने पहिल्यांदा पूर्ण रुंदी आणि पूर्ण लांबी घरात आणली, पण एक जुनी अडचण उघडी पाडली. त्या काळचे इटालियन चित्रपट बहुधा चित्रीकरणाच्या वेळचा आवाज वापरतच नसत. नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळे संवाद नंतर स्टुडिओत चढवले जात. त्यामुळे ‘मूळ भाषा कोणती’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. हेमिंग्जचे ओठ इंग्रजी बोलतात, आजूबाजूचे इटालियन. परदेशी आवृत्तीत कापलेल्या प्रसंगांना इंग्रजी आवाजच उपलब्ध नाही. मग पूर्ण लांबीचा चित्रपट इंग्रजीत लावला, की पात्रं मध्येच इटालियन बोलू लागतात, खाली उपशीर्षकं येतात आणि थोड्या वेळाने पुन्हा इंग्रजी सुरू होते. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. मला मात्र हा सांधा दिसू देणं प्रामाणिकपणाचं वाटतं, कारण कात्री कुठे लागली होती ते कानाला कळतं.

खरा बदल झाला तो मूळ निगेटिव्हकडे, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या फिल्मकडे, परत गेल्यावर. चित्रपटगृहातली प्रिंट निगेटिव्हपासून दोन-तीन पिढ्या दूर असते आणि प्रत्येक पिढीत काहीतरी गळतं. निगेटिव्ह थेट स्कॅन केली की ते टप्पे वगळता येतात. काही इटालियन चित्रपटांना याचा दुप्पट लाभ झाला. पैसे वाचवण्यासाठी तिथे टेक्निस्कोप ही चित्रीकरणाची पद्धत वापरत. त्यात एका चौकटीसाठी फिल्मच्या कडेची चारऐवजी दोनच छिद्रं खर्च होत, म्हणजे निम्म्या फिल्ममध्ये काम भागे. मात्र प्रिंट काढताना ती छोटी चौकट भिंगातून मोठी करावी लागे आणि तिथे चित्र खरखरीत होई. निगेटिव्ह थेट स्कॅन केली की हा टप्पाही टळतो. आर्जेन्तोच्या पहिल्या चित्रपटासाठी वापरलेलं क्रोमोस्कोपही त्याच जातीचं.

त्या पहिल्या चित्रपटाने आणखी एक धडा दिला. त्याचा छायालेखक वित्तोरिओ स्तोरारो पुढे जगप्रसिद्ध झाला आणि १९९८ च्या सुमारास सगळ्या चित्रपटांसाठी २:१ अशी एकच चौकट असावी, असं मांडू लागला. २०११ साली ब्रिटनच्या अ‍ॅरो व्हिडिओने काढलेली ब्लू-रे त्याच्या पसंतीनुसार २:१ मध्ये आली, म्हणजे मूळ चौकटीच्या कडा गेल्या. चाहते नाराज झाले. २०१७ साली त्याच कंपनीने निगेटिव्हवरून ४के (सुमारे चार हजार ठिपक्यांच्या रुंदीचं) पुनर्संचयन करून २.३५:१ ची मूळ चौकट परत आणली. स्तोरारोसारख्या माणसाला विरोध करणं सोपं नाही, पण १९७० साली प्रेक्षकांनी जे पाहिलं ते नंतरच्या मताने बदलू नये, या बाजूचा मी आहे.

‘प्रोफोंदो रोस्सो’चं निगेटिव्हवरून केलेलं ४के पुनर्संचयन अ‍ॅरोने २०१६ साली ब्लू-रेवर आणलं आणि २०२१ मध्ये ४के डिस्कवर. त्यात नाट्यगृहातल्या पडद्याचा लाल, रक्ताचा लाल आणि गाडीच्या दिव्याचा लाल वेगवेगळे दिसतात. फिल्मचा रवाही (चित्रातली बारीक कणीदार खरखर) राखलेला आहे. तो पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि बोळातल्या त्या फिकट चेहऱ्यांच्या बाबतीत तो घातकच ठरला असता.

पहिल्यांदा पाहणार असाल तर इटालियन आवाजातली लांब आवृत्ती लावा, खोलीतले दिवे घालवा आणि मार्कस बोळात शिरला की रिमोट दूर ठेवा. १९७५ च्या प्रेक्षकाला चौकट थांबवता येत नव्हती. त्याच्यासारखं एकदा चुकू द्या स्वतःला. शेवट झाल्यावर मागे जाऊन थांबवा. ते तिथे आहे, स्पष्ट.