कमरेचा वळ, पायाचा तळवा : आपल्याकडच्या त्वचा-कर्करोगांची पार्श्वभूमी

परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी, एकाच गाठीने आवळली की कमरेवर पट्टा उमटतो. कातडी आधी काळवंडते, मग मधेमधे पांढुरकी होते, जाड होऊन तिचे पापुद्रे निघतात. गोव्याच्या दमट हवेत त्या पट्ट्यात घाम मुरतो, खाज सुटते आणि घरात असलेले गजकर्णाचे मलम लावले जाते. थोडे बरे वाटते, पण नाडी तिथेच असते. अशा पट्ट्यातली एखादी भेग भरेनाशी झाली, तिची कड उचलून हाताला टणक लागू लागली, तर तो कर्करोग असू शकतो. धोतर घट्ट नेसणाऱ्या पुरुषांमधला हा रोग मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली मांडला. ‘धोती कॅन्सर’ हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत तेव्हापासून रुळले. साडीचा उल्लेख पुढे आला. नाडीऐवजी रुंद पट्टी लावणे, गाठ सैल ठेवणे आणि नेसण्याची जागा वर-खाली करत राहणे, एवढ्याने घर्षण एका रेषेवर साचत नाही.

रोग शरीरावर कुठे आहे हे पाहून माणूस काय करतो ते विचारायचे, ही पद्धत जुनी आहे. लंडनमधल्या धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोषावरचा कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये लिहिले. काश्मिरात फेरन या सैल अंगरख्याच्या आत धरलेल्या कांगडीने (निखाऱ्यांच्या शेगडीने) पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये नोंदवला. भाजल्याच्या जुन्या वणावर उठणाऱ्या व्रणाला मार्जोलिन यांचे नाव आहे, त्यांचे वर्णन १८२८ चे. गोव्यातले उदाहरण कातडीचे नाही, पण त्याच वाटेवरचे आहे. फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली धुमटी काही बायका पेटते टोक तोंडात धरून ओढत. अशा ओढणाऱ्यांच्या टाळूवर कर्करोगपूर्व बदल होतात, हे १९७० च्या दशकात गोव्यातल्या गावोगावी केलेल्या तपासणीत दिसले. ऊन, घर्षण, धग, काटा, तंबाखू : कारण बहुधा रोजच्या वापरातच सापडते.

उन्हाचा दोष खलाशांमुळे लक्षात आला. जर्मन त्वचातज्ज्ञ उन्ना यांनी १८९० च्या दशकात खलाशांच्या चेहऱ्याची आणि हातांची रापलेली, खरखरीत कातडी आणि तिच्यावरचा कर्करोग यांची सांगड घातली. गोव्यात तारवटी (जहाजावर काम करणारे) आणि रापणकार (जाळे ओढणारे मच्छीमार) यांची घरे गावोगाव आहेत, म्हणून हा धडा आपलाही आहे. फरक इतकाच की सावळ्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य बरेचसे संरक्षण देते, आणि जो कर्करोग होतो तो वेगळा दिसतो. नाकाशेजारी किंवा पापणीखाली होणारा बेसल सेल कार्सिनोमा (डब्लिनचे जेकब यांनी १८२७ मध्ये वर्णिलेला) गोऱ्या माणसात गुलाबीसर असतो, आपल्याकडे बहुधा काळा. म्हणून त्याला तीळ किंवा चामखीळ समजून वर्षे जातात. कातडी दोन बोटांनी ताणून पाहावी : कडेला मोत्यासारखी चमक असेल आणि टॉवेलने तोंड पुसताना तिथून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल, तर तो तीळ म्हणून सोडू नये.

मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाच्या, बाबतीत मात्र ऊन शोधून भागत नाही. आपल्याकडे तो बराचसा तळव्यावर आणि नखाखाली सापडतो. नखाभोवती पसरणारी काळी छटा हचिन्सन यांनी १८८६ मध्येच दाखवली होती. या प्रकाराला वेगळे नाव १९७६ मध्ये मिळाले. तिळाची असमानता, कड, रंग आणि आकार पाहण्याचा १९८५ चा प्रसिद्ध नियम मुख्यतः गोऱ्या कातडीवरून बेतलेला आहे. तळव्यावर तो अपुरा पडतो, आणि तिथला मेलॅनोमा कुरूप (भोवरी) किंवा ठेच म्हणून हमखास निसटतो. डर्मोस्कोप या कातडी पाहण्याच्या भिंगातून पाहिल्यावर तळव्याच्या रेषांच्या खाचांतून रंग धावत असेल तर तो बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवरून धावत असेल तर तुकडा काढायलाच हवा. ठेचेचे रक्त नखाबरोबर पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिमी वाढते, पायाचे त्याच्या निम्मे. डागाच्या मागच्या कडेशी नखावर बारीक खूण करून महिन्याने पाहावे. खूण पुढे गेली आणि डाग मागेच राहिला, किंवा पट्टा रुंदावून नखाच्या मुळाशी कातडीत शिरला, तर त्याला ठेच समजू नये.

कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) अनवाणी काम करणाऱ्याच्या पायाची कथा आणखी वेगळी. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी १८६० मध्ये ‘मदुरा फूट’ या सुजलेल्या, दाणे गाळणाऱ्या पायामागे बुरशी असल्याचे दाखवले. त्याचाच दूरचा भाऊबंद क्रोमोब्लास्टोमायकोसिस, हाही बुरशीचाच रोग. काटा रुततो, काही महिन्यांनी चामखिळीसारखा उंचवटा येतो, त्यावर काळे ठिपके दिसतात. निदान त्या ठिपक्यांतच आहे. ते खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहिले की तांब्याच्या नाण्यासारख्या जाड भिंतीच्या तपकिरी पेशी दिसतात. ठिपके सोडून वरवरचा तुकडा घेतला तर वरची कातडी इतकी वेडीवाकडी वाढलेली असते की अहवालात कर्करोग लिहिला जाऊ शकतो. उलट, दहा-वीस वर्षे राहिलेल्या अशा व्रणात खरा कर्करोगही उठतो.

कुष्ठरोगाचेही तसेच. १८४२ ची पणजीची वैद्यकशाळा, म्हणजे आजच्या बांबोळीच्या गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) पूर्वज, आणि फ्रॉयलानो द मेलो यांनी १९३० च्या दशकात उभारलेले माकाझानचे कुष्ठरुग्णालय, यांमुळे त्वचेचा अभ्यास गोव्यात कुष्ठाच्या अंगाने झाला. औषधाने जंतू मरतात, पण बधिर तळव्यावरची जखम राहते. तीच जखम फुलकोबीसारखी वाढू लागली, घाण वास आला, रक्त आले, की ड्रेसिंग बदलत राहू नये.

शेवटी सगळे तुकड्यावर येते. ‘बायोप्सी’, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणे, हा शब्द बेनिए यांचा, १८७९ चा. गोल पात्याचा पंच कीज यांनी १८८७ मध्ये आणला. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मेलिनचा वापर ब्लुम यांनी १८९३ मध्ये सुचवला. आजही साधने हीच. लिग्नोकेनने जागा बधिर करून ४ मिमीचा पंच चरबीपर्यंत उतरवतात. व्रणाच्या मध्यातून घेतला तर नुसती मेलेली पेशी हाती लागते, म्हणून वाढती कड घ्यावी. चिमट्याने दाबला तर पेशी चुरगळतात. मेलॅनोमाचा संशय असेल तर जमेल तेव्हा पूर्ण डाग १ ते ३ मिमी कडेसह काढावा, कारण पुढचे उपचार मुख्यतः जाडीवर ठरतात (ब्रेस्लो यांचे १९७० चे माप) आणि खरवडलेल्या तुकड्यात जाडी मोजता येत नाही. फॉर्मेलिन १० टक्के, तुकड्याच्या किमान दहापट. बुरशीचा संशय असेल तर दुसरा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये स्वतंत्र पाठवावा, कारण फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते आणि कल्चरमध्ये (बुरशी वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काहीच उगवत नाही. सोबतच्या कागदावर ‘पायावर व्रण’ एवढेच लिहू नये. किती वर्षांचा, भाजले होते का, काटा लागला होता का, नाडीच्या जागी आहे का, हे लिहावे. अहवाल ‘साधी जखम’ म्हणाला आणि व्रण तरीही वाढतच राहिला, तर पुन्हा, अधिक खोल, दुसऱ्या कडेचा तुकडा घ्यावा.