शोधनिबंधांच्या संख्येत दडलेली वर्षे

स्त्री-शास्त्रज्ञ पुरुषांपेक्षा कमी शोधनिबंध लिहितात, हे विधान आकडेवारीला धरून आहे. त्यावरून त्यांच्या कार्यक्षमतेविषयी काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. हुआंग, गेट्स, सिनात्रा आणि बाराबाशी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५५ ते २०१० या काळात ज्यांचे प्रकाशन थांबले अशा पंधरा लाखांहून अधिक संशोधकांच्या नोंदी तपासल्या. संपूर्ण कारकिर्दीत पुरुषांचे सरासरी १३.२ आणि स्त्रियांचे ९.६ निबंध भरले, म्हणजे तफावत सुमारे २७ टक्के. परंतु दरवर्षीचे निबंध मोजले, तेव्हा ती जेमतेम ०.९ टक्का उरली.

एकूण निबंधांमधली तफावत मुख्यतः कारकिर्दीच्या लांबीमुळे होती: पुरुषांची सरासरी ११ वर्षे, स्त्रियांची ९.३. कोणत्याही वर्षी संशोधन सोडण्याची जोखीम स्त्रियांच्या बाबतीत १९.५ टक्क्यांनी अधिक आढळली. हा फरक चक्रवाढीने वाढतो, आणि साऱ्या प्रश्नाचे मर्म मला तरी इथेच दिसते. समजा, दरवर्षी ९ टक्के पुरुष बाहेर पडतात. मग स्त्रियांचे प्रमाण सुमारे १०.७५ टक्के होईल. एका वर्षात हे अंतर नगण्य वाटते. तरीही शंभर-शंभर जणांपासून सुरुवात केल्यास वीस वर्षांनंतर साधारण १५ पुरुष आणि १० स्त्रिया उरतील. सरासरी टिकाव म्हणजे या वार्षिक प्रमाणाचा व्यस्त. तो काढल्यास ११.१ आणि ९.३ वर्षे येतात, म्हणजे प्रत्यक्ष नोंदींच्या अगदी जवळ. पुरुषांचा मेंदूच विज्ञानाला अधिक अनुकूल असतो, अशी अवैज्ञानिक समजूत आजही शास्त्राचा आव आणून सांगितली जाते. या गणिताला तिची मुळीच गरज पडत नाही.

या मोजणीलाही मर्यादा आहेत. लेखकाचे लिंग नावावरून ठरवले जाते, आणि रोमन लिपीत लिहिलेल्या चिनी नावांच्या बाबतीत ते फार अवघड असते. शिवाय ज्यांचे नाव निबंधावर छापलेच गेले नाही, त्यांची गणती होत नाही. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतील ९,७७८ संशोधन-गटांमध्ये प्रत्यक्ष कोण काम करत होते, हे पाहिले, तेव्हा गटातील स्त्रीचे नाव निबंधावर येण्याची शक्यता पुरुषापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसली, आणि पेटंटच्या बाबतीत ती ५८ टक्क्यांनी कमी होती. छापील नावे मोजून काढलेल्या वार्षिक आकड्यात हे न नोंदलेले काम येतच नाही. त्यामुळे स्त्रियांचे प्रत्यक्ष योगदान त्या आकड्यापेक्षा अधिक असण्याची शक्यता आहे.