ढील दिल्यावर पतंग कुणाचं ऐकतो?

संक्रांतीनंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. समुद्रकिनाऱ्यावर एक बाई दोन दोऱ्यांनी त्रिकोणी पतंग उडवते आहे. पतंग आखल्यासारखा सरळ जातो, काटकोनात वळतो, मधेच जागच्या जागी थांबतो. मग पाठीवर उताणा होऊन तरंगतो, गिरकी घेतो, दोऱ्या अंगाभोवती गुंडाळून घेतो आणि पुन्हा सोडवतो. खाली ओळ होती, ‘आत मोटर आहे, रिमोटवर चालतो.’ त्यावर आणखी एकानं थेट प्राणशक्तीचा संबंध जोडला.

त्यात मोटर नाही आणि प्राणशक्तीही नाही. कार्बनच्या पोकळ नळ्या, रिपस्टॉप, म्हणजे फाटलं तरी चीर पसरू न देणाऱ्या कापडाचं शीड, दोन दोऱ्या आणि उडवणारीची मनगटं, बस्स. हे भौतिकशास्त्र इतकं देखणं आहे की त्याचं श्रेय दुसऱ्या कशाला गेलेलं मला सोसत नाही.

त्याच आठवड्यात नेदरलँड्सहून भाचीचा फोन आला. “मामा, घराजवळच समुद्र आहे, वारा तर रोजचाच. असा पतंग घ्यायचाय. रेषाही मारता आल्या पाहिजेत आणि कसरतीही. कोणता घेऊ?” तिला फोनवर जे तासभर सांगितलं, ते इथे नीट मांडतो.

दोन दोऱ्यांचा पतंग तसा नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या पॉल गार्बर यांनी तोफचींच्या सरावासाठी दोन दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग केला आणि त्याच्या शिडावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवली. १९७० च्या दशकात पीटर पॉवेल यांच्या पतंगानं ब्रिटनमध्ये हा खेळ घरोघरी नेला. अशा पतंगांना आता स्पोर्ट काइट म्हणतात; आजचे बहुतेक त्रिकोणी असतात आणि त्यांच्या स्पर्धांचे दोन मुख्य प्रकार आहेत: एकात ठरवून दिलेल्या आकृत्या अचूक काढायच्या, दुसऱ्यात संगीतावर नाचवायचं.

आता मुद्द्याचं. आपला साधा पतंग उडवणाऱ्याला एक गोष्ट हाताला ठाऊक असते: खेच दिली की पतंग नाकाच्या दिशेनं सुटतो, ढील दिली की डोलतो, गरगरतो. तिथे त्याचं कारण कमानीत आहे. खेचल्यावर कमान मागे वाकते, पतंगाला होडीसारखा आकार येतो आणि तो स्थिर होतो. ढील मिळाली की तो सपाट होतो आणि स्थैर्य जातं. स्पोर्ट काइटमध्ये ढिलीचं काम वेगळं आहे, आणि मला या खेळात सर्वांत आवडणारी गोष्ट तीच.

दोऱ्या ताणलेल्या असतात तेव्हा पतंगावर तीन बळं असतात: वाऱ्याचं, दोऱ्यांचं आणि वजनाचं. वजन तिघांत किरकोळ. अशा वेळी पतंग ऐकतो ते सुत्तराचं, म्हणजे पतंगाला बांधलेल्या ज्या आखूड दोऱ्यांना उडवायची दोरी जोडतात त्यांचं. आपण पतंगाला सुत्तर पाडतो तसं इथे प्रत्येक बाजूला तीन पायांचं सुत्तर असतं, त्याला ब्रायडल म्हणतात. दोरीची गाठ त्यावर नाकाकडे सरकवली तर पतंग कमी वाऱ्यातही उचलतो आणि वेगानं पळतो. शेपटीकडे सरकवली तर ओढ वाढते आणि वळणं आखूड होतात. पाच मिलिमीटरनंसुद्धा फरक हाताला कळतो. रेषा मारणं, कोपरे काढणं हे सगळं या ताणाच्या राज्यात घडतं.

मग उडवणारी हात पुढे टाकते. दोऱ्या सैल पडतात. दोरीचं बळ शून्य झालं, म्हणजे सुत्तराची सत्ता संपली. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात पतंग हा हवेत भिरकावलेला पदार्थ असतो आणि असा पदार्थ आपल्या वस्तुमान केंद्राभोवती फिरतो. सैल पडण्याच्या क्षणी मनगटानं एका दोरीला जो झटका दिला, तेवढंच भांडवल. पुढची गिरकी किती वेगानं होणार, किती टिकणार हे ठरतं जडत्व आघूर्णावर, म्हणजे वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलं आहे यावर. आणि इथे अंतराचा वर्ग येतो.

जरा आकडे घालून पाहू. पतंग २.४ मीटर रुंद, वजन ३०० ग्रॅम. सपाट गिरकीसाठी, म्हणजे पोटावर आडवं होऊन घेतलेल्या ‘ॲक्सल’साठी, हे वजन सरासरी अर्ध्या मीटरवर आहे असं धरू. जडत्व आघूर्ण झालं ०.३ × ०.५² = ०.०७५. आता दोन्ही पंखांच्या टोकांना, १.१ मीटरवर, पाच-पाच ग्रॅम वाढवा. भर पडली ०.०१ × १.१² = ०.०१२. वजन वाढलं सुमारे ३ टक्के, गिरकीचा अडथळा वाढला १६ टक्के! म्हणून चांगल्या पतंगाच्या पंखांच्या काठाच्या नळ्या टोकाकडे निमुळत्या, हलक्या होत जातात.

तेच दहा ग्रॅम शेपटीत, ४५ सेंटीमीटरवर ठेवले तर? भर पडते ०.००२. सपाट गिरकीला जेमतेम ३ टक्के जाचणारी. पण नाकाच्या जागी शेपूट आणणाऱ्या कोलांटीच्या आडव्या अक्षाभोवती वस्तुमान मुळातच जवळ असतं, सरासरी पाव मीटर धरलं तर आघूर्ण ०.०१९. तिथे हेच ०.००२ म्हणजे जवळजवळ ११ टक्के. कोलांटी जरा सावकाश सुरू होते, पण कुंभाराच्या जड चाकासारखी हवेला न जुमानता पूर्ण होते. दोऱ्या अंगाभोवती गुंडाळणारा ‘यो-यो’ आणि नाक पलीकडे टाकून उताणं पडणारा ‘टर्टल’ या दोन्हींना नेमकं हेच हवं असतं. शिवाय वस्तुमान केंद्र दीड सेंटीमीटर शेपटीकडे सरकतं. दहा ग्रॅम, पण जागा बदलली की पतंगाचा स्वभाव बदलतो.

म्हणून दुकानदार ‘फुल कार्बन आहे’ म्हणाला की माझं समाधान होत नाही. कार्बन कुठे जाड आहे, कुठे बारीक, हे विचारायचं. सरसकट एकाच जाडीच्या नळ्या घातलेला पतंगही ‘फुल कार्बन’च असतो.

भाचीला पहिली गोष्ट सांगितली ती आकाराची. हात नवा असताना सव्वा मीटरचा छोटा पतंग घेऊ नये. छोटा म्हणजे सोपा, असं वाटतं. प्रत्यक्षात तो इतका चपळ असतो की चूक कळेपर्यंत वाळूत नाक खुपसलेलं असतं. २.१ ते २.४ मीटरचा पतंग विचार करायला वेळ देतो. नुसत्या आकृत्यांची आवड असेल तर ताठ सांगाड्याचा घ्यावा, हात बरोबरीत आणले की वळण तिथल्या तिथे थांबणारा. कसरतींसाठी ढील दिल्यावर वाऱ्यातून सहज सुटणारा हवा. दोन्ही हवं असेल तर मधला मिळतो, आणि तिच्यासाठी तोच बरा.

वाऱ्याचा हिशेबही वर्गाचा. ताशी १० किलोमीटरचा वारा २० झाला की ओढ चौपट. म्हणून एकच नमुना अतिहलका, साधा आणि जाळीचा अशा रूपांत विकतात. जाळीतून वारा निसटतो. पहिला पतंग साधा घ्यावा.

दुकानात हातात घेऊन पाहण्यासारखं एकच: मधल्या कण्याखाली बोट धरून पतंग तोलायचा. तोल कुठे मिळतो तिथे खडूची खूण करायची आणि दुसरा पतंग शेजारी ठेवून ताडून पाहायचं. पंखांच्या काठावर यो-योसाठी दोऱ्या अडवणाऱ्या छोट्या खुंट्या आहेत का, टोकांना दोरी अडकेल असं काही बाहेर आलेलं नाही ना, हेही तेव्हाच दिसतं.

दोऱ्या डायनीमाच्या, म्हणजे एका मजबूत कृत्रिम धाग्याच्या घ्याव्यात. त्या एकमेकींवर इतक्या गुळगुळीत सरकतात की आठ-दहा पीळ पडले तरी पतंग वळतो. तीस मीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड अशा दोन दोऱ्या वाऱ्यापुढे मिळून ३०० चौरस सेंटीमीटर अडथळा धरतात, म्हणजे वहीच्या एका पानाएवढा, म्हणून उगाच जाड दोरी नको. पण डायनीमा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो. दुसऱ्या जातीचा ताणलेला दोरा त्याच्यावर घासला की घर्षणाच्या उष्णतेनंच तो तुटतो. संक्रांतीच्या दिवशी मांजाच्या गर्दीत हा पतंग नेऊ नये.

भाचीनं २.३ मीटरचा घेतला. महिनाभर नुसत्या रेषा आणि चौकोन. टर्टल काही पडेना. नाक मागे जायचं आणि अर्ध्यातून परत यायचं. मग तिनं शेपटीला १० सेंटची दोन नाणी चिकटपट्टीनं लावली, ८.२ ग्रॅम. तिसऱ्या झटक्याला पतंग उताणा पडला आणि तसाच तरंगत राहिला. तिनं लगेच फोन केला. मात्र संध्याकाळी वारा पडला तेव्हा तो उचलेना; नाणी काढली, मग उठला.