रक्ताच्या रिपोर्टामागचा इतिहास: मोजणी, स्लाइड आणि विदर्भातील सिकलसेल

नागपुरात ‘मेडिकल’ व ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत किंवा धंतोली-रामदासपेठेतील एखाद्या खासगी लॅबमध्ये सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीसाठी) जांभळ्या झाकणाच्या नळीत दिलेले दोन-तीन मिलिलिटर रक्त आज यंत्रात गेल्यावर मिनिटभरात आकड्यांच्या रूपाने बाहेर येते. हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एमसीव्ही अशा ओळी एकाखाली एक छापलेल्या असल्यामुळे त्या सगळ्या एकाच वेळी शोधल्या गेल्या असाव्यात असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये कित्येक दशकांचे अंतर आहे. रक्ततपासणीच्या इतिहासात तीन प्रश्न क्रमाने विचारले गेले. रक्तात पेशी आणि हिमोग्लोबिन किती आहे, त्या पेशी दिसतात कशा, आणि पेशींच्या आतले हिमोग्लोबिन नेमके कोणत्या प्रकारचे आहे? सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष जेथे बराच आढळतो त्या पूर्व विदर्भासाठी यांतील तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा होता, आणि तोच सर्वांत उशिरा विचारला गेला.

रक्तातील पेशी दिसू लागल्या त्या सतराव्या शतकात. हॉलंडमधील यान स्वामरडॅमने १६५८ मध्ये बेडकाच्या रक्तातील तांबड्या पेशी पाहिल्या आणि लेवेनहुकने १६७४ मध्ये माणसाच्या रक्तातील पेशींचे वर्णन केले. परंतु पाहणे आणि मोजणे यांत जवळजवळ दोनशे वर्षे गेली. ठरावीक आकारमानाच्या रक्तातील पेशींची पहिली पद्धतशीर मोजणी जर्मनीतील कार्ल फिअरोर्टने १८५२ मध्ये केली, आणि ती इतकी वेळखाऊ होती की रुग्णालयाच्या रोजच्या कामात तिचा उपयोग नव्हता. पुढे मालासे, थोमा आणि न्यूबाउअर यांनी काचेवर आखलेल्या चौकटींचा कक्ष सुधारत नेला. न्यूबाउअर चेंबर या नावाने तो आजही वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत वापरला जातो. त्याची खोली ०.१ मिलिमीटर असते. पांढऱ्या पेशींसाठी रक्त टर्क द्रावात वीस पट आणि तांबड्या पेशींसाठी हेम द्रावात दोनशे पट पातळ करायचे, झाकणकाचेखाली सोडायचे आणि चौकटींच्या रेषेवर पडलेल्या पेशींपैकी कोणत्या धरायच्या व कोणत्या सोडायच्या याचा नियम पाळून मोजायचे. पिपेटमध्ये रक्त खुणेच्या किंचित वर गेले, द्राव नीट मिसळला नाही किंवा कक्षात बुडबुडा राहिला, तर अंतिम आकडा चुकतो. आणि हे सगळे बिनचूक जमले तरी थोड्या पेशी मोजून लाखोंचा अंदाज बांधण्यातली अनिश्चितता उरतेच.

हिमोग्लोबिनची गोष्ट यापेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला ती जास्त बोधक वाटते. विल्यम गॉवर्सने १८७८ च्या सुमारास रंगाशी रंग ताडून हिमोग्लोबिन मोजण्याचे उपकरण तयार केले. बर्नमधील हर्मन साहलीने त्यात महत्त्वाची सुधारणा केली: रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळले की हिमोग्लोबिनचे तपकिरी हिमॅटिन होते, मग थेंबाथेंबाने ऊर्ध्वपातित पाणी घालून तो रंग शेजारच्या तपकिरी काचपट्टीशी जुळवायचा. विसाव्या शतकाचा मोठा काळ आपल्याकडील सरकारी दवाखान्यांत आणि लहान लॅबमध्ये हीच पद्धत चालली, कारण तिला वीज लागत नाही आणि खर्चही नगण्य असतो. तिचे दोन दोष मात्र गंभीर होते. रंग जुळला की नाही हे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडावर अवलंबून होते. दुसरा दोष मापाचा. जुन्या रिपोर्टांत हिमोग्लोबिन टक्क्यांत लिहीत, पण शंभर टक्के म्हणजे किती ग्रॅम यावर एकमत नव्हते. हाल्डेनच्या मापात ते १४ ग्रॅमच्या आसपास, तर साहलीच्या मूळ मापात १७ ग्रॅमच्या वर होते. त्यामुळे ‘सत्तर टक्के’ असा शेरा असलेल्या दोन बायकांपैकी एक खरोखर अशक्त आणि दुसरी जवळजवळ ठीक असू शकत होती, आणि उपकरण कोणते हे कागदावर नसेल तर डॉक्टरला ते कळण्याचा मार्ग नव्हता. डेव्हिड ड्रॅबकिनने १९३५ मध्ये मांडलेल्या सायनमेटहिमोग्लोबिन पद्धतीत हिमोग्लोबिनचे जवळजवळ सर्व प्रकार एकाच स्थिर संयुगात बदलतात आणि ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याचे शोषण मोजता येते. १९६० च्या दशकात रक्तशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मानकीकरण समितीने हीच पद्धत प्रमाण ठरवली, आणि तेव्हाच नागपूरचा ११ ग्रॅम हा आकडा लंडनच्या ११ ग्रॅमशी ताडून पाहण्याजोगा झाला.

केवळ प्रमाण कळून आजार कळत नाही, ही उणीव मॅक्सवेल विंट्रोबने भरून काढली. १९२९ मध्ये त्याने रक्त फिरवून पेशींचा गठ्ठा मोजण्याची नळी आणली आणि पेशींची संख्या, हिमोग्लोबिन व हा गठ्ठा यांच्या गुणोत्तरांतून एका पेशीचा सरासरी आकार आणि तिच्यातले सरासरी हिमोग्लोबिन काढले. रिपोर्टातील एमसीव्ही, एमसीएच आणि एमसीएचसी ही तीच गुणोत्तरे होत. लोह कमी असेल तर पेशी लहान आणि फिक्या होतात. फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असेल तर त्या मोठ्या होतात. याच काळात ल्युसी विल्स मुंबईच्या गिरणी कामगार वस्तीतील गरोदर बायकांच्या मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचा अभ्यास करीत होत्या आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवून दिले; त्यातला गुणकारी घटक फॉलिक ॲसिड होता हे पुढे कळले. ‘रक्त कमी आहे’ एवढेच सांगून सर्वांना लोहाच्याच गोळ्या देण्याची सवय त्याच वेळी सुटायला हवी होती.

दुसरा प्रश्न रंगाने सुटला. पॉल एर्लिखने १८७९ च्या सुमारास ॲनिलीन रंगांनी पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. रोमानोव्स्कीने इओसिन आणि मिथिलीन ब्लू एकत्र आणले. आणि ब्रिटिश लष्करातील डॉक्टर विल्यम लीशमनने १९०१ मध्ये त्या मिश्रणाला असे सुटसुटीत रूप दिले की ते भारतातील प्रयोगशाळांचे रोजचे रंगद्रव्य बनले. लीशमन रंगातील मिथेनॉल पेशी काचेवर पक्क्या करतो, नंतर ६.८ पीएचचे पाणी घातले की रंग पेशींत उतरतो. पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) बिघडला तर स्लाइड एक तर लालभडक दिसते, नाही तर निळीशार. हिवतापाचे परजीवी, ल्युकेमियातील अपक्व पेशी आणि विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी या तिन्हींचे निदान याच पातळ थरावर होते. रक्तगट, रक्त साकळण्याच्या चाचण्या आणि वेस्टरग्रेनचा ईएसआर (तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग) यांचा इतिहास स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. येथे एवढेच नोंदवतो की लँडस्टायनरने १९०१ मध्ये मांडलेल्या गटांच्या चौकटीत न बसणारा ‘बॉम्बे’ रक्तगट डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतूनच जगापुढे ठेवला.

आता तिसरा प्रश्न. शिकागोतील जेम्स हेरिकने १९१० मध्ये ग्रेनडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. ऑक्सिजन कमी झाला की पेशी वाकतात हे १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले. त्यावरूनच स्लाइडवरील सिकलिंग चाचणी आली: रक्ताच्या थेंबात ऑक्सिजन काढून घेणारे दोन टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळायचे, झाकणकाच कडेने बंद करायची आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाकल्या का ते पाहायचे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात सिकलसेलचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकते हे सिद्ध केले, आणि पुढच्या काही वर्षांत व्हर्नन इनग्रॅमने त्याचे कारण शोधले: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एखाद्या आजाराचे मूळ रेणूतील एका घटकापर्यंत नेऊन दाखवण्याचे हे पहिले उदाहरण होते.

भारतात या हिमोग्लोबिनची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी केली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल लक्षणाविषयी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरसाठी ‘मध्य भारत’ हा उल्लेख तेव्हा परका नव्हता. त्यानंतरच्या दशकांत नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यातील आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर अनेक समाजांत हा दोष आढळत गेला. जेथे हिवताप पिढ्यान्पिढ्या राहिला तेथे सिकलचे एकच जनुक असलेल्या वाहकाला हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे ॲलिसनने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवले होते. जंगलपट्ट्यातील या प्रसाराचा अर्थ त्यावरून लागतो. म्हणूनच सिकलसेलला कोण्या समाजाचे वैगुण्य मानणे हे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

विदर्भातील सामान्य माणसाच्या बोलण्यात आज ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द रुळले आहेत. एएस म्हणजे एकाच पालकाकडून सिकलचे जनुक आलेला वाहक. त्याला बहुधा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे दोन्ही पालकांकडून ते आलेला रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी एरवीच्या सुमारे १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच टिकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात, आणि उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले की त्रास वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात ही बाब किरकोळ नसते. दोन्ही पॅटर्न ओळखण्याचा मार्ग दोन टप्प्यांचा आहे. सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणीत सॅपोनिनने पेशी फुटतात, डायथायोनाइटने ऑक्सिजन निघून जातो आणि सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्राव इतका गढूळ होतो की नळीमागच्या रेषा दिसेनाशा होतात. ही चाचणी स्वस्त आहे आणि गावातल्या शिबिरात होते, पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करीत नाही. तो फरक इलेक्ट्रोफोरेसिस (विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणे) किंवा एचपीएलसी (ते प्रकार वेगळे करून मोजणारे यंत्र) यांनीच कळतो. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली की घरच्यांना ‘सिकलसेल झाला’ असे सांगून मोकळे होणे, आणि मग त्या मुलीचे लग्न अडणे, हे पहिल्या टप्प्यावरच थांबल्याचे फळ आहे. जरीपटक्यासारख्या भागात सिंधी समाजाची वस्ती मोठी आहे आणि त्या समाजात बीटा थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाचे) वाहक जास्त आढळतात. एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचे जनुक आले तर अपत्य आजारी असू शकते, म्हणून नागपुरात लग्नापूर्वीच्या किंवा गरोदरपणातल्या तपासणीत दोन्ही पाहणे आवश्यक ठरते.

यंत्रांच्या युगाने ही गरज कमी केलेली नाही. वॉलेस कूल्टरने १९५३ मध्ये पेटंट मिळवलेल्या तत्त्वानुसार पेशी बारीक छिद्रातून जाताना विद्युत रोध बदलतो आणि काही सेकंदांत हजारो पेशी मोजल्या जातात. नंतर लेझर आले आणि पांढऱ्या पेशींचे पाच प्रकारही यंत्रच सांगू लागले. परंतु सिकलसेलच्या रुग्णात अस्थिमज्जेतून घाईने बाहेर पडलेल्या, केंद्रक असलेल्या तांबड्या पेशींना साधे यंत्र पांढऱ्या पेशी समजून बसते आणि संसर्ग नसताना संसर्गाचा संशय येतो. वाकड्या पेशी नाण्यांच्या थप्पीसारख्या चिकटत नाहीत, म्हणून अशा रुग्णाचा ईएसआर खरा आजार असूनही कमी येतो. नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीएमध्ये काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात आणि डेंग्यूच्या हंगामात तो खोटा कमी आकडा घरच्यांचा जीव टांगणीला लावतो. या तिन्ही वेळी उपाय एकच असतो: कोणीतरी लीशमनची स्लाइड करून स्वतः पाहायची. कमी दरातल्या पॅकेजांत नेमके हेच काम गाळले जाते, ही माझ्या मते आजच्या रक्ततपासणीतील सर्वांत मोठी घसरण आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम जाहीर झाली. १७ राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट तेव्हा ठरवण्यात आले. या कामातील कठीण भाग नवजात बाळांचा आहे. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले एफ हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे सहा महिन्यांच्या आत सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. टाचेतून घेतलेला थेंब गाळणकागदावर वाळवून एचपीएलसीला पाठवला तर एफ आणि एस दोन्ही दिसू शकतात, पण एफएस आलेल्या बाळाला एसएस आहे की सिकल-थॅलेसेमिया, हे काही महिन्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीने आणि आई-वडिलांच्या रिपोर्टांनी ठरते. त्यासाठी बाळ सहा महिन्यांनंतर पुन्हा लॅबमध्ये आले पाहिजे, आणि त्याच्या पहिल्या रिपोर्टावर ती तारीख आईला वाचता येईल अशा मराठीत लिहिलेली असली पाहिजे.