जिंकले ते ठीक, पण कितीने?

मराठीत विजय एकटा येत नाही, शेपूट घेऊन येतो. २० धावांनी विजय, ५ गडी राखून विजय, एक डाव आणि अमुक धावांनी विजय, तीन हजार मतांनी विजयी. नुसतं 'जिंकले' म्हटलं की समोरचा लगेच विचारणार, कितीने? हा जो 'ने' आहे ना, सगळा घोळ त्यातच आहे आणि २०१९ मधे तो चांगलाच चव्हाट्यावर आला.

शब्दाचं मूळ पटकन उरकतो. संस्कृत धातू जि, त्याला वि लावला की विजय आणि परा लावला की पराजय, म्हणजे जिंकणं नि हरणं ही एकाच घरातली भावंडं, आणि पाणिनीने दोघांना एकाच सूत्रात बसवलंय (विपराभ्यां जेः, हे उपसर्ग लागले तरच जि आत्मनेपदी, म्हणजे 'ते'वाली रूपं घेऊन, चालतो). म्हणूनच 'सत्यमेव जयते' बद्दल व्याकरणवाले अजून कुरकुरतात, उपसर्ग नाही मग जयति पाहिजे ना! फत्ते अरबीतून फारसीमार्गे आलं, मूळ अर्थ उघडणं. 'जितं मया' आता टोमण्यापुरतंच उरलंय, आणि गंमत म्हणजे ते 'मी जिंकलो' नाहीच, 'माझ्याकडून जिंकलं गेलं' असं आहे, कर्मणी असून एवढा तोरा. आणि हार झाली की हार घातला, हे तर क्रियापद आल्याशिवाय कळतच नाही.

जुन्या लढायांत कितीने हा प्रश्नच नसायचा, रणांगण कुणाच्या ताब्यात राहिलं तो जिंकला. इ.स.पू. २७९ मधे इटलीतल्या आस्कुलमला एपिरस या ग्रीक राज्याच्या राजाने, पिऱ्हसने, रोमनांना हरवलं, पण माणसं इतकी गेली की असाच आणखी एक विजय मिळाला तर आपण संपलो असं तो म्हणाला म्हणतात. आपल्याकडे १६७० चं 'गड आला पण सिंह गेला'. दोन्हीकडे विजय मात्र विजय म्हणूनच नोंदला गेला, किंमत वेगळ्या रकान्यात.

मोजून जिंकायची सवय आपल्याला खेळाने लावली, त्यातही क्रिकेटने जास्त. आधी बॅटिंग करणारा जिंकला तर धावांनी, नंतरचा जिंकला तर गडी राखून, म्हणजे एकाच खेळात विजय मोजायची दोन मापं. त्यातलं गडी राखून प्रकरण जरा फसवंच आहे, १० गडी राखून विजय ऐकायला दणदणीत वाटतो पण तो शेवटच्या चेंडूवर रडतखडत मिळालेला असू शकतो.

बरोबरी झाली की दोन्ही मापं बंद. १९९९ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला एजबॅस्टनवर ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका दोघेही २१३, ऑस्ट्रेलिया आधीच्या फेरीतल्या क्रमवारीवर फायनलला गेली, पण सामना 'टाय' असाच लिहिला गेला. 'पुढे गेले' म्हटलं, 'जिंकले' असं नाही म्हटलं. हे मला प्रामाणिक वाटतं. २००७ च्या टी-२० वर्ल्डकपला डर्बनमधे भारत-पाकिस्तान १४१-१४१, मग मोकळ्या स्टंपवर चेंडू मारायची स्पर्धा, भारत ३-०. इथे 'जिंकलो' म्हणताना कुणाला अवघडल्यासारखं झालं नाही, आपणच होतो म्हणून असेल.

आणि मग १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, वर्ल्डकप फायनल. न्यूझीलंड ८ बाद २४१, इंग्लंड सर्वबाद २४१. शेवटच्या षटकात फेकलेला चेंडू पळणाऱ्या बॅट्समनच्या बॅटला लागून सीमेपार गेला आणि ६ धावा दिल्या गेल्या, नियम काटेकोर लावला असता तर ५ च मिळायला हव्या होत्या, पंचांनी नंतर चूक मान्यही केली. सुपर ओव्हर झाली, म्हणजे दोघांना एकेक षटक जादा, तीही १५-१५, शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला २ हव्या होत्या, एक निघाली, दुसरीसाठी पळताना रनआऊट. आता काय? तर चौकार-षटकार मोजा. २६ विरुद्ध १७, इंग्लंड विजयी.

नियम आधीपासून छापलेला होता, लबाडी कुणी केली नाही हे खरं. पण चौकाराच्या धावा त्या २४१ मधे आधीच धरलेल्या होत्या की! तीच गोष्ट पुन्हा मोजून निकाल लावला. आणि मोजायचंच होतं तर विकेट का नाही मोजल्या, एकीकडे ८ गेल्या, दुसरीकडे १०, निदान गडी राखून ही ओळखीची भाषा तरी झाली असती. वाक्य करून बघा, 'इंग्लंडचा ९ चौकार-षटकारांनी विजय'. जिभेवर बसतच नाही. म्हणून सगळीकडे 'चौकारांच्या निकषावर विजयी' असं लिहावं लागलं, 'ने' गेला आणि निकष आला.

ऑक्टोबर २०१९ मधे तो नियम गेलाच, बरोबरी राहिली तर सुपर ओव्हर पुन्हा. जानेवारी २०२४ ला बंगळुरूत भारत-अफगाणिस्तान टी-२० मधे २१२-२१२, पहिली सुपर ओव्हर १६-१६, दुसरीत भारत ११ आणि अफगाणिस्तान १. शेपूट परत आलं.

निवडणुकीचा कायदा यात जास्त हुशार निघाला. भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतं समसमान झाली तर चिठ्ठी काढतात, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक जादा मत पडलं असं धरतात. म्हणजे कितीने विचारलं तर उत्तर तयार, एका मताने. बिनविरोधला मात्र मोजायलाच काही नसतं, तरी बातमीत 'बिनविरोध विजयी' छापतात, कायद्यात तिथे फक्त निवडून आल्याचं जाहीर करायचं एवढंच आहे.