हायब्रिड फोर बाय फोर: मोटर कुठे जोडली आहे ते आधी पाहा

‘हायब्रिड घेतली तर चिखलात, कातळावर चालेल का?’ याचे उत्तर नुसत्या ‘हायब्रिड’ (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) या शब्दावरून देता येत नाही. मोटर कुठे जोडली आहे, बॅटरी केवढी आहे आणि मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा शाफ्ट जातो का, हे आधी बघावे लागते.

मोटरचा खरा उपयोग रांगत्या वेगात. मारुती जिमनीचे पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४,००० आरपीएमला देते. दगडावर चाक चढवताना इंजिन तेवढे फिरवता येत नाही. लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारा जादा गिअर) टाकूनही मॅन्युअल गाडी चालवणारा हाफ क्लचवर येतोच आणि चार वेळा तसे झाले की जळका वास सुटतो. मोटरचा टॉर्क शून्य आरपीएमपासून मिळतो. गाडी बोटभर पुढे घ्यायची असेल तर बोटभरच जाते.

म्हणून लो रेंज नको असे मात्र नाही. मोटर जागच्या जागी जोर लावत राहिली की चाक न फिरताच वीज उष्णतेत जाते. मोटरचे वाइंडिंग आणि तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर तापले की कंट्रोलर जोर कमी करतो, आणि हे घडते ते नेमके चढाच्या मध्यावर. लो रेंजमध्ये मोटरला फिरायला मिळते, करंट कमी लागतो. जीप रँग्लर ४एक्सई आणि अमेरिकेत विकली जाणारी २.४ लिटरची हायब्रिड लँड क्रूझर या दोन्ही गाड्यांत मोटर इंजिन आणि ८ गिअरच्या गिअरबॉक्सच्या मधल्या जागेत आहे. त्यापुढे जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी, लो रेंज देणारी नेहमीची ट्रान्सफर केस शाबूत आहे. खऱ्या ऑफ-रोडसाठी आम्ही हीच मांडणी योग्य मानतो.

टोयोटाच्या ई-फोर पद्धतीत मागच्या ॲक्सलला वेगळी मोटर असते, शाफ्ट नसतो. ओला डांबरी रस्ता, निसरडे गवत यांसाठी ती उत्तम. पण पुढची चाके खड्ड्यात गेली तर इंजिनचा जोर मागे पोचत नाही. आणि २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा आली तेव्हा स्ट्राँग हायब्रिडला (जिची मोटर एकटीही गाडी चालवते) फक्त पुढच्या चाकांची ड्राइव्ह होती. ऑल-ग्रिप, म्हणजे चारही चाकांची ड्राइव्ह हवी तर माइल्ड हायब्रिड (जिची मोटर इंजिनला फक्त मदत करते) घ्यावी लागे. बुकिंगच्या वेळी ‘स्ट्राँग हायब्रिड’ आणि ‘ऑल-ग्रिप’ हे दोन्ही शब्द एकाच व्हेरिअंटसमोर छापलेले आहेत ना, ते बघा.

बॅटरीचा हिशेब

टोयोटा फॉर्च्युनरची ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड निओ ड्राइव्ह २०२५ मध्ये भारतात आली. याच पद्धतीच्या परदेशी हायलक्स पिकअपवर बॅटरी ४.३ अँपिअर-तासांची आणि मोटर १२ किलोवॉटची आहे. ४८ गुणिले ४.३ म्हणजे साधारण ०.२ युनिट (किलोवॉट-तास). मोटर पूर्ण ताकदीने चालली तर हे मिनिटभरात संपते. तेव्हा ४८ व्होल्ट ही उठावापुरती मदत समजा. नुसत्या विजेवर चढ चढण्याची अपेक्षा ठेवू नका.

उतारावर उलटे होते: मोटर गाडी रोखते आणि त्यातून बॅटरी भरते. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला येताना गाडी हजार मीटरहून जास्त उतरते. भरलेली गाडी १,७०० किलोची धरली तर हजार मीटरला साडेचार युनिटांहून जास्त ऊर्जा होते. घर्षणात आणि वाऱ्यात बरीच जाते, तरी ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी आहे ०.७६ युनिटची. ती भरली की मोटरचा ब्रेक सुटतो. गिअर सेलेक्टर ‘बी’वर (ब्रेकिंग) ठेवा, म्हणजे इंजिनाचा अडसर लागेल. ब्रेक पेडलवर सतत पाय ठेवलात तर पॅड तापतील.

पाणी आणि चिखल

पाण्याची भीती लोकांना वाटते तेवढी नाही. ४८ व्होल्टच्या हायलक्सची पाण्यातून जाण्याची मर्यादा साध्या डिझेल हायलक्सएवढीच, ७०० मिमी ठेवली आहे. रँग्लर ४एक्सईची ७६ सेंमी. त्रास देतो तो चिखल. ४८ व्होल्टची मोटर पट्ट्यावर चालते. लाल मातीचा राडा पट्ट्यावर बसला की पट्टा घसरतो, चीं-चीं करतो आणि चार्जिंग पडते. साध्या पाण्याने धुवा. पट्टा बदलताना तो ताणून धरणारी ताणपुलीही तपासून घ्या. ती दोन्ही बाजूंनी ताण धरणारी असते, साध्या गाडीची चालत नाही. हवेने थंड होणाऱ्या बॅटरीची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर दोर, ताडपत्री, ओले बूट टाकू नका. नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) केबलच्या जोडांवर प्रेशर वॉशर कधीही मारू नका.

गाडी रुतली की कुणीतरी फावडे घेऊन खाली शिरतो. त्याआधी गाडी बंद करून डॅशबोर्डवरचा ‘रेडी’ (गाडी चालायला तयार) दिवा विझल्याची खात्री करा आणि चावी गाडीपासून लांब ठेवा. इंजिन शांत आहे म्हणजे गाडी बंद आहे असे नाही. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते आणि पट्ट्याजवळची बोटे जातात. पुढची चाके जमिनीवर ठेवून स्ट्राँग हायब्रिड ओढून नेऊ नका. चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार करते. गाडी फ्लॅटबेडवरच (सपाट पाठीच्या ट्रकवर) चढवा.

विंच

९,५०० पौंडी विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारे विजेचे यंत्र) पूर्ण भारावर ४०० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये अल्टरनेटर नसतो, १२ व्होल्टची बॅटरीही लहान असते. व्होल्टेज पडले की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये अशा गाडीवर आम्ही दुसरी १२ व्होल्ट बॅटरी घातल्याशिवाय विंच लावत नाही. फ्रिज किंवा दिव्यांसाठी ४८ व्होल्टच्या वायरीतून टॅप घेण्याचे कामही करत नाही. सीटखाली ड्रिल मारण्याआधी बॅटरी आणि केबलची जागा खालून पाहावीच लागते, त्यासाठी अर्धा तास जादा धरा.

जुन्या गाडीला हायब्रिड किट बसवायचे असेल तर ते एआयएस-१२३ या भारतीय वाहन मानकानुसार मंजूर असले पाहिजे, किट-उत्पादकाच्या अधिकृत इन्स्टॉलरने बसवले पाहिजे आणि आरसीवर त्याची नोंद झाली पाहिजे. मंजुरीचे प्रमाणपत्र मागा आणि त्यावर तुमच्याच मॉडेलचे नाव व फोर बाय फोर व्हेरिअंट आहे का ते वाचा. नसेल तर तो पैसा चांगल्या टायरवर आणि मागच्या डिफरन्शियल लॉकवर (दोन्ही मागची चाके एकत्र फिरवणारे कुलूप) घाला.